वाघमारेची धडक

कंपनीच्या बसमध्ये माझं कोपर चुकून अनिल वाघमारेच्या कोपराला लागलं की तो मोठ्याने म्हणतो, "धडक." रागाने म्हणत नाही, हसून म्हणत नाही. भाजीवाला वजन सांगतो तसं नुसतं जाहीर करतो, आपलं कोपर दोन बोटं आत घेतो आणि समोर बघत बसतो. आता मोशी ते चाकण हा रस्ता ज्याला माहीत आहे त्याला मी काय सांगू? खड्डा आला, धडक. टेम्पो मध्ये घुसला, ड्रायव्हरने ब्रेक दाबला, धडक. जागा बदलावी तर आमच्या बसमध्ये ज्याची सीट त्याची ठरलेली आहे, वर्षानुवर्षं. माझ्या वाट्याला हा आला.

त्यात मी अंगाने भरलेला. हे बायकोने सांगून झालंय, डॉक्टरने सांगून झालंय, पण वाघमारेसारखं कुणी सांगितलं नाही. एका सकाळी मी नीट टेकतोय न टेकतोय तोच हा म्हणाला, "शेळकेभाऊ, तुमचा रेडियस वाढलाय." मागच्या सीटवरची पोरं आठवडाभर मला रेडियसशेठ म्हणत होती.

वाघमारे मूळचा उदगीरकडचा. वडील पिंपरीतल्या एका कारखान्यात होते, म्हणून वाढला इकडेच. आमच्याच सोसायटीत, आमच्याच मजल्यावर राहतो, माझ्या दारासमोर त्याचं दार. घरात तो आणि त्याची म्हातारी आई. लग्न केलं नाही. का केलं नाही असं विचारलं तर म्हणतो, "धडक झाली नाही." एकदा राजगुरुनगरला मुलगी बघायला गेला होता, तेव्हा मलाच मोठा माणूस म्हणून बरोबर नेलं. मुलीने चहा आणला, लाजत विचारलं, तुम्हाला कशाची आवड आहे. याने चहाच्या ट्रेवर बशा सरकवत तिला गोलाला गोल कधी लागतो ते समजावायला घेतलं. मुलगी आत गेली ती आलीच नाही. परतताना मी कपाळावर हात मारून घेतला, तर हा शांतपणे म्हणाला, "चौकोनच वेगळा होता."

कंपनीत तो वेल्डिंग लाईनवर आहे. तिथे रोबोंचे लांबलांब हात हलत असतात, ते एकमेकांवर आपटू नयेत हे बघणं त्याचं काम. दिवसभर धडक टाळायची आणि जेवणाच्या सुट्टीत धडक शोधायची, असं त्याचं आयुष्य. कारण हा माणूस गेली कित्येक वर्षं मोबाईलवरचा एक गेम बनवतोय.

गोळीबाराचा गेम, वरून बघायचा. आपण जणू गच्चीवरून खाली बघतोय, मैदान पसरलंय, आपला माणूस पळतोय, चहूबाजूंनी शत्रू येताहेत आणि आपण धाडधाड गोळ्या घालतोय. हे सगळं त्याने बसमध्ये सांगितलं तेव्हा मीही भुललो. म्हटलं रणगाडे असतील, स्फोट असतील, दाखव की राव. त्याने माझ्या फोनवर तो गेम टाकून दिला. उघडून बघतो तर सगळे गोल! आपला माणूस निळा गोल, शत्रू लाल गोल, गोळी म्हणजे पिवळा बारका गोल. बांगड्यांचं दुकान सांडलंय असं वाटलं. मी म्हटलं, "अरे वाघमारे, माणसं कुठायत?"

"चित्रं नंतर," तो म्हणाला. "आधी धडक."

ते 'नंतर' अजून आलेलं नाही. लोकांनी या काळात घरं बांधली, पोरांची बारावी काढली, दोन दोन नोकऱ्या बदलल्या. याचे गोल तसेच गोल.

बरं, एवढ्या वर्षांत करतोय काय, तर गोळी गोलाला लागली की नाही हे ठरवतोय. मला वाटायचं त्यात ठरवायचं काय, डोळ्याला दिसतंय. पण फोनला डोळे नसतात, त्याला हिशोब करून बघावं लागतं, हे त्याने मला एकदा कँटीनमध्ये आपल्या कोपऱ्यात बोलावून दोन ताटं घेऊन शिकवलं. ताटाच्या मध्यापासून ताटाच्या मध्यापर्यंत अंतर बघायचं. दोन्ही ताटांच्या त्रिज्यांच्या बेरजेपेक्षा ते कमी भरलं, की धडक. त्यातही नेमकं अंतर काढत बसायचं नाही, कारण त्याला वर्गमूळ लागतं आणि त्यात फोनचा वेळ जातो. वर्गाची वर्गाशीच तुलना करायची. "किती लांब आहे हे कळायची गरजच नाही, शेळकेभाऊ. लागलं की नाही, एवढं कळलं की बास." हे शिकवता शिकवता माझं ताट त्याने इतकं लांब सरकवलं, की ते पलीकडच्या टेबलावरच्या माणसाने आपलं समजून खायला घेतलं.

पण त्याचा खरा जीव कशात असेल तर चौकोनांत. मैदानावर शेकडो गोल आहेत. प्रत्येकाने प्रत्येकाला विचारत सुटायचं ठरवलं, लागलास का रे मला, तर फोन तापणार, अडखळणार आणि बंद पडणार. म्हणून मैदानाचे चौकोन पाडायचे. आपल्या चौकोनातल्याला विचारायचं, फार तर शेजारच्या चौकोनातल्याला. लांबच्याच्या वाटेला जायचंच नाही. "तुम्ही रोज सी विंगमध्ये जाऊन एकेक दार वाजवून विचारलंत, मी तुम्हाला धडकलो का, तर लोक काय म्हणतील?" त्याने मला विचारलं. मी म्हटलं, वेड्यात काढतील. "तेच. फोनचंही तेच होतं."

इथपर्यंत ठीक होतं. पण या भल्या माणसाने हा चौकोन गेममधून उचलून आयुष्यात आणला. सी विंगमधल्या लग्नाची पत्रिका आली, हा जाणार नाही. का, तर सी विंग माझ्या चौकोनात येत नाही. सोसायटीची मीटिंग असली की आपल्या मजल्याचा विषय संपताक्षणी उठून चालू लागणार. गेटवर पलीकडच्या गल्लीतले जोशीकाका रोज याला नमस्कार करायचे, हा नुसता बघायचा. शेवटी त्यांनी नमस्कार बंद केला आणि मला विचारलं, त्या वाघमारेंना काही होतं का हो? मी म्हटलं, होतं. पण त्यावर औषध नाही.

अशा माणसाला मित्र कुठून असणार? कँटीनमध्ये हा एकटाच कोपऱ्यातल्या टेबलावर बसायचा. पाच मिनिटांत भरभर जेवायचा, हात धुवायचा आणि फोन घेऊन खाली मान घालायचा ती सुट्टी संपेपर्यंत. बाकी सगळे गप्पा मारताहेत, कुणी डुलकी काढतंय, हा गोल हलवतोय. पंचेचाळिशीचा बाप्या! आमच्या टेबलावर त्याच्यावरून काय काय विनोद व्हायचे ते इथे लिहिता येणार नाहीत, पण निम्मे माझेच असायचे.

कधी कधी तो मलाही त्यात ओढायचा. आपल्या कोपऱ्यातून हात करायचा, म्हणजे मी माझ्या टेबलावर बसून गेममध्ये शिरायचं, कारण त्याला गर्दी पाहिजे असायची. गर्दीत धडक बरोबर सापडते का ते बघायला. मी शिरायचो. नाही शिरलो तर संध्याकाळी बसमध्ये कोण ऐकून घेणार?

तिथे मला एक चमत्कारिक गोष्ट दिसायची. माझा निळा गोल, वाघमारेचा निळा गोल आणि शिवाय मैदानाच्या खालच्या कोपऱ्यात आणखी एक निळा गोल. हा तिसरा गोळ्या मारायचा नाही, पळायचा नाही. उभा. लाल गोल सगळीकडे फिरायचे, पण त्या कोपऱ्यात एकही जायचा नाही. मी विचारलं हा कोण, तर वाघमारे म्हणाला, "टेस्टिंगचा आहे." एके दिवशी कंटाळा आला म्हणून मी त्याच्यावरच दणादण गोळ्या झाडल्या. त्याला काही झालं नाही. पण कोपऱ्यातल्या टेबलावरून वाघमारे उठला आणि चालत माझ्यापाशी आला.

"तिकडे मारू नका."

"का? आपल्या माणसाला गोळी लागत नाही ना?"

"लागत नाही. तरी मारू नका." एवढं बोलून परत गेला. सगळं टेबल माझ्याकडे बघून हसलं.

दुसरं एक खूळ होतं थरथरण्याचं. दोन निळे गोल एकमेकांना लागले की दोघांचेही फोन थरथरायचे, आणि धडक जितकी जोरात तितकी थरथर जोरात. पहिल्यांदा मी असा भरधाव वाघमारेच्या गोलावर जाऊन आदळलो, तेव्हा माझा फोन हातात असा उसळला की आमटी शर्टावर सांडली. मी विचारलं, बाबा रे, गोळीबाराच्या खेळात आपला आपल्याला लागला काय आणि नाही लागला काय, फरक काय पडतो? त्याच्यावर हा सबंध वर्षभर काम करत होता. शत्रू तसेच बांगड्यांसारखे फिरताहेत आणि हा आपल्याच माणसाला हळू लागलं तर किती आणि जोरात लागलं तर किती, हे मोजतोय.

आणि आरपार. हा शब्द उच्चारताना त्याचा चेहरा पडायचा. फोन अडखळला की या क्षणी गोल अलीकडे असतो आणि पुढच्या क्षणी पलीकडे, मधल्या मध्ये लागला होता हे फोनला कळतच नाही. दोघं एकमेकांतून आरपार निघून जातात. "त्यापेक्षा वाईट काही नाही, शेळकेभाऊ," तो म्हणायचा. मी म्हणायचो, चांगला फोन घे की मग. तर नाही! त्याचा हट्ट असा की गेम एका जुन्या फोनवर चालला पाहिजे. तो फोन एकदा दुरुस्तीला नेताना मी बसमध्ये पाहिला होता. काच कोपऱ्यातून तडकलेली, मागचं झाकण निघू नये म्हणून भोवती हिरवं रबरबँड. असला फोन भंगारवालाही घेणार नाही. मी म्हटलं, या डबड्यावर तुझा गेम खेळणार कोण? तो रबरबँड नीट करत बसला.

तर असं सगळं सुखाने चाललं होतं, म्हणजे त्याच्या सुखाने. आणि कंपनीत एक धडक झाली. खरीखुरी. डिस्पॅचचा एक पोरगा फोनमध्ये बघत चालला होता, तो फोर्कलिफ्टच्या पुढे आला. बूट चेपला, पोरगा वाचला. पण प्लँट हेड हादरले आणि फतवा निघाला. सोमवारपासून सगळ्यांनी मोबाईल गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवायचे, घरी जाताना घ्यायचे. कँटीनमध्येसुद्धा नाही.

त्या दुपारी वाघमारे आपला कोपरा सोडून आमच्या टेबलावर आला आणि माझ्या समोर बसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी पर्चेसमध्ये असलो तरी सेफ्टी कमिटीवर आहे, हे त्याला माहीत होतं.

"शेळकेभाऊ, जेवणाच्या सुट्टीपुरता फोन मिळाला पाहिजे. कँटीनच्या बाहेर काढणार नाही. तेवढी सोय करा."

मी म्हटलं, "कशासाठी? गेमसाठी?"

"गेम नाही हो."

"मग काय?"

त्याने ताटाच्या कडेवरून बोट फिरवलं. "धडक बघायची असते," म्हणाला.

टेबल फुटलं हसून. मीही हसलो. कमिटीसमोर मी काय सांगू, की साहेब, आमचे वाघमारे गोलाला गोल लावतात, त्यांना सवलत द्या? त्याला म्हटलं, पुढच्या गुरुवारी मीटिंग आहे, बघू. आपल्याकडे 'बघू'चा अर्थ काय होतो ते त्यालाही कळतं. तो एचआरमध्ये गेला, तिथेही हसले. गेटपासवर दुपारी बाहेर जाता येईल का ते विचारलं, कारण गेटच्या बाहेर फोनला बंदी नाही. त्यावर, रोज कसला गेटपास, असं उत्तर मिळालं. शुक्रवारी परत माझ्याकडे आला. शनिवारी बसमध्ये परत तेच. मी वैतागून म्हटलं, "वाघमारे, मोठा हो जरा." त्याने कोपर आत घेतलं आणि मोशी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसला. मला वाटलं, सुटलो.

रविवारी पार्किंगमध्ये गाडी पुसून मागे वळलो आणि चाक अडवायच्या लोखंडी पट्टीवर पाय आपटला. अंगठा टमाटरसारखा सुजला. मी तिथेच खाली बसलोय, तेवढ्यात लिफ्टमधून वाघमारे आला. बघितलं आणि म्हणाला, "वेग जास्त होता." वर मला खांद्याला धरून घरापर्यंत त्यानेच आणलं, पण ते वाक्य मी विसरलेलो नाही.

सोमवारी मी रजा टाकली. बायको बँकेत गेलेली. मी पाय उशीवर ठेवून पडलो होतो, तर दुपारी पॅसेजमध्ये पावलांचा आवाज. एकदा इकडे, एकदा तिकडे. लंगडत जाऊन दार उघडलं. वाघमारेची आई दारात उभी. अंगाने वाळलेली, ठिपक्यांचं लुगडं, आणि हातात तो फोन. तडकलेली काच, हिरवं रबरबँड.

"लेकरा, बघ की जरा," म्हातारी म्हणाली. मला, पन्नाशीच्या माणसाला. "ह्यो मोडला का काय? पोरगं यायना की आज."

मी फोन बघितला. आत गेम चालू होता. मैदानात लाल गोल फिरताहेत, आणि खालच्या कोपऱ्यात एक निळा गोल, उभा.

मी फोन चांगला आहे असं सांगायला लागलो, पण तिने कानाला हात लावून मान हलवली. ऐकू येत नाही. मग मला धरूनच समोर आपल्या घरात नेलं, बुद्धमूर्तीच्या फळीखालच्या पलंगावर बसवलं आणि बोलत सुटली. ऐकू न येणाऱ्या माणसाला मध्ये कुणी तोडत नाही, तसं एका दमात सगळं सांगितलं. कानाचं मशीन आणलं तर ते शिट्ट्या मारतं, म्हणून डब्यात ठेवलंय. फोन केला तर काही कळत नाही. लिहिलेलं वाचता येत नाही. व्हिडिओवर पोरगं दिसतं, नुसतं तोंड हलतं, "मंग मला रडू येतंय, त्याला बी येतंय. तसलं नको म्हनलं मी." मग पोराने ही टिकल्यांची गंमत काढली. टिकल्या म्हणजे ते गोल.

"लाल टिकल्या मारायच्या असत्यात म्हणं. मी न्हाई मारत. काय करायल्यात त्या मला?" ती म्हणाली. "मी कोपऱ्यात हुबी ऱ्हाते. जेवण झालं की त्यो येतोय. एवढ्या सगळ्यातनं वाट काढत येतोय आन् हळूच टेकतोय. हातात कळतंय. मंग म्या बी जेवते."

ओट्यावर ताट झाकून ठेवलेलं होतं. भाकरी, वरण, वाटीत शेंगदाण्याची चटणी. सुट्टी सुरू होऊन बराच वेळ झाला होता.

मी पलंगावर बसून राहिलो. ज्या गोलावर मी एकदा दणादण गोळ्या झाडल्या होत्या तो गोल माझ्या शेजारी बसला होता, फोन मांडीवर धरून, उपाशी.

म्हटलं, करू या आपणच. तिला दिसणार नाही असा माझा फोन काढला, गेम उघडला. निळा गोल तो निळा गोल, सगळे सारखेच तर आहेत, चित्रं नंतर! लाल गोलांमधून वाट काढत मी तिच्या कोपऱ्याकडे गेलो आणि लागलो. तिच्या हातातला फोन थरथरला. म्हातारीचं तोंड एकदम उजळलं. आणि लगेच उतरलं.

"हा न्हवं," ती म्हणाली. "ह्यो कोण की आडदांड."

मी मागे झालो. या वेळी अगदी दबकत गेलो, आमच्या बाथरूममध्ये पाल असली की जातो तसा. लागलो. फोन बारीक थरथरला. तिने स्क्रीनकडे बघितलंसुद्धा नाही, नुसती मान हलवली आणि फोन तसाच मांडीवर धरून ठेवला.

मग मात्र माझं डोकं फिरलं. कुणावर ते विचारू नका. पॅसेजमध्ये येऊन गेटवरच्या सिक्युरिटीला फोन लावला. पर्चेसचा माणूस म्हणून माझा आवाज त्यांना ओळखीचा आहे, माझ्याच मालाच्या गाड्या ते अडवत असतात. म्हटलं, वेल्डिंगच्या वाघमारेला गेटवर बोलाव आणि त्याचा फोन त्याच्या हातात दे. तो म्हणाला, साहेब, ऑर्डर आहे. म्हटलं, गेटच्या आत आहे ना ऑर्डर? मग त्याला गेटच्या बाहेर काढ. गेटपास माझ्या नावावर लिही, कमिटीला मी बघतो. आणखीही बरंच बोललो. त्या पोराचा काही दोष नव्हता. शेवटी तो बरं म्हणाला.

परत येऊन बसलो. दोघंही आपापल्या फोनकडे बघत होतो. आमचं गेट कँटीनपासून लांब आहे, मध्ये सगळं यार्ड. सुट्टी संपत आली होती. लाल गोल फिरत होते. मी उगाच दोनचार मारले.

मग वरच्या कडेला एक निळा गोल आला. नेहमी हा आला की गोळ्यांचा सडा पडतो, आज एक गोळी नाही. सरळ खाली सुटला, लाल गोलांच्या धडका खात, माझ्या शेजारून गेला, पण मला लागला नाही. तिच्या कोपऱ्याजवळ आला आणि थांबला. जरा वेळ तसाच. मग पाय न वाजवता झोपलेल्या माणसाच्या खोलीत यावं तसा पुढे झाला, आणि टेकला.

तिच्या हातात फोन थरथरला की नाही ते मला कळलंही नाही. पण ती उठली. "आला," एवढंच म्हणाली, आणि ओट्यावरचं ताट उघडलं. त्यातली अर्धी भाकरी मला दिली. मी एरवी कुणाच्या घरी असा जेवत नाही. त्या दिवशी खाल्ली.

सिक्युरिटीवाल्या पोराने नंतर सांगितलं, वाघमारे डोक्यावरचं हेल्मेट न काढता यार्डातून धावत आला होता. घरून फोन आहे म्हटल्यावर त्याचा रंगच उडाला होता. गेटच्या बाहेर उभा राहून फोन सुरू केला, मिनिटभर त्यात बघितलं आणि मग फुटपाथवर खाली बसला. विचारलं तर म्हणाला, काही नाही, धडक झाली.

मंगळवार, बुधवार मीच रोज गेटवर फोन करून भांडत होतो. गुरुवारी पाय बांधून कमिटीला गेलो. काय बोललो ते सगळं आठवत नाही, पण बोलताना समोरच्या दोन बशा घेऊन मी प्लँट हेडना गोल आणि चौकोन समजावत होतो असं लोक सांगतात. वाघमारेच्या घरचं मी काही सांगितलं नाही, ते सांगायचा हक्क माझा नव्हता. एवढंच म्हटलं, की कँटीनमध्ये फोर्कलिफ्ट येत नाही, ज्याच्या घरी म्हातारं किंवा आजारी माणूस आहे त्याला जेवणापुरता तिथे फोन मिळाला पाहिजे. मिळाला. प्लँट हेड बाहेर पडताना कुणाला तरी म्हणाले, या शेळक्यांना काय झालंय? ते मला ऐकू आलं.

शुक्रवारी बसमध्ये चढलो. वाघमारे खिडकीशी बसलेला. आभार वगैरे काही नाही, ती अपेक्षाही मी ठेवली नव्हती. बस सुटल्यावर म्हणाला, "सोमवारी आईला कुणीतरी येऊन धडकलं होतं."

"मी होतो."

"माहितीये. एवढ्या जोरात तुम्हीच."

मी म्हटलं, "आधी सांगितलं असतंस तर?"

"तुम्ही हसला असता." हे खरं होतं. मग तोच पुढे बोलला, खिडकीबाहेर बघत. "तुम्ही विचारायचा ना, एवढी काटकसर कशासाठी. सगळ्यांनी सगळ्यांना विचारायचं नाही, वर्गमूळ काढायचं नाही, लांबच्याकडे बघायचं नाही. जुना फोन आहे, ताकद थोडी. सगळीकडची वाचवायची आणि एका चौकोनावर घालवायची. तिथे आरपार जायला नको."

मला काही तरी चांगलं बोलायचं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "चित्रं कधी काढणार आहेस?"

"नंतर," तो म्हणाला.

पुढे सिग्नलला ड्रायव्हरने कचकन ब्रेक दाबला आणि माझं कोपर जाऊन त्याच्या कोपराला लागलं. मी वाट बघितली. सिग्नल सुटला, बस चालू झाली, चाकण आलं. त्याने कोपर आत घेतलं नाही, मीही घेतलं नाही, आणि दोघांपैकी कुणीही काही म्हटलं नाही.